माया कुणाची धरायची?

नालासोपारा पूर्वेला आचोळे गावच्या जमिनीवर, अग्रवाल नगरी परिसरात ४१ अनधिकृत इमारती उभ्या होत्या. जमीन कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४च्या अखेरीस पाडकाम सुरू झाले आणि २०२५च्या सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्या इमारती जमीनदोस्त झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. चर्चा झाली ती बिल्डरांची, बनावट कागदपत्रांची, बुडालेल्या पैशांची. ती व्हायलाच हवी होती. पण आणखी काही मोडले, त्याचा पंचनामा कुणी केला नाही.

वसई-विरारच्या अशा वस्त्यांत आईबाप दोघेही सकाळीच घराबाहेर पडतात. कुणी चर्चगेटची लोकल गाठते, कुणी वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांत पाळीला जाते. मूल दिवसभर असते ते शेजारच्या काकूंकडे, वरच्या मजल्यावरच्या आजीकडे, महिन्याला थोडे पैसे घेऊन चारपाच मुले सांभाळणाऱ्या ताईकडे. इमारत पडली की ही माणसे चार दिशांना पांगतात. ज्या बाईच्या मांडीवर मूल दोन वर्षे झोपले, तिच्यात आणि त्या मुलात कायद्याच्या लेखी कोणतेही नाते नसते.

हे नाते किती खरे? प्रश्न हळवा वाटेल, पण त्याचा शोध अनेकांनी गंभीरपणे घेतला आहे. जीवशास्त्र गेली सत्तर वर्षे त्याच्या मागे आहे. आचोळ्यात पाडकाम चालू होते त्याच जानेवारीत पाचशे वर्षे पूर्ण केलेला ॲनाबॅप्टिस्ट हा छोटा ख्रिस्ती पंथ याच प्रश्नाचे उत्तर जगून देत आला आहे. आणि दवाखान्यांतून, न्यायालयांतून तो वैद्यकीय नीतीचा प्रश्न होऊन पुन्हा पुन्हा समोर येतो: रक्ताचे नाते मोठे, कागदावरचे मोठे, की सांभाळणाऱ्याचे?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक मानसशास्त्रज्ञ छातीठोकपणे सांगत की बाळाला आई हवी असते ती दुधासाठी. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी हे मत उलथवले. ऱ्हीसस माकडांची पिल्ले जन्मताच आईपासून तोडून त्यांना दोन बनावट आया दिल्या. एक तारेची, तिच्याजवळ दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, तिच्याकडे काहीच नाही. पिल्ले भुकेपुरती तारेच्या आईकडे जात आणि उरलेला सारा वेळ कापडाला बिलगून बसत. घाबरली की धाव कापडाकडेच. या प्रयोगांतील क्रौर्य आज वाचतानाही अंगावर काटा आणते. नंतरच्या काळात प्राण्यांवरील प्रयोगांच्या नीतीची चर्चा तीव्र झाली, त्याला हेही एक कारण होते. अमेरिकी प्रयोगशाळांना लागणारी ऱ्हीसस माकडे मुख्यतः भारतातून जात, आणि ही निर्यात भारताने १९७८ साली बंद केली, हेही इथे नोंदवायला हवे.

माणसाच्या मुलांबाबत सर्वांत ठोस पुरावा रुमानियातून आला. चाउशेस्कू राजवटीने १९६६ पासून गर्भपातावर बंदी घातली. त्यातून टाकलेल्या मुलांनी सरकारी अनाथालये भरली. तिथे दूध होते, कपडे होते, पण एकेका बाईकडे डझनावारी मुले. २००० साली बुखारेस्टमध्ये सुरू झालेल्या अभ्यासात अशा १३६ मुलांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकल्यागत निवडून पालक कुटुंबांत पाठवली गेली, बाकीची संस्थेतच राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि माणसांना बिलगण्याची ताकद सुधारली. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची सर्वाधिक. उरलेल्या मुलांना जाणूनबुजून संस्थेत ठेवणे योग्य होते का, यावर वाद झाला. संशोधकांचे म्हणणे होते की तेव्हा तिथे पालक कुटुंबांची व्यवस्थाच जवळपास नव्हती, आणि पुढे जागा मिळाली तर कुठल्याही मुलाला अडवायचे नाही हे आधीच ठरले होते. हे उत्तर पटण्यासारखे आहे, तरी मनातली बोच जात नाही.

मग रसायनांचे काय? ऑक्सिटोसिनला वर्तमानपत्रांनी केव्हाच मायेचे संप्रेरक ठरवून टाकले. बाळंतपणात गर्भाशय आकुंचन पावते आणि अंगावरचे दूध सुटते ते त्याच्यामुळे, यात शंका नाही. प्रेअरी व्होल नावाचे उंदरासारखे प्राणी जन्मभर जोडीने राहतात. त्यांच्यावरच्या अभ्यासातून ऑक्सिटोसिन हेच जोडीचे गमक, असे मानले गेले. पण २०२३ साली ज्या व्होलांच्या जनुकांतून ऑक्सिटोसिनचा ग्राहकच काढून टाकला होता, त्यांनीही जोड्या जमवल्या आणि पिल्ले वाढवली. शरीराने एवढी महत्त्वाची गोष्ट एकाच रसायनावर सोपवलेली नाही, असा त्याचा अर्थ. दुसरी एक गोष्ट त्याहून अस्वस्थ करणारी. माणसांवरच्या काही प्रयोगांत ऑक्सिटोसिनने आपल्या गटाबद्दलची आपुलकी वाढली, परक्यांबद्दलची नाही. म्हणजे शरीराची माया कुंपण घालूनच येते की काय, ही शंका उरते.

याच्या शेजारी आणखी दोन निष्कर्ष ठेवायला हवेत. इस्रायलमधील २०१४च्या अभ्यासात जे बाप मुलांना स्वतःच मुख्यत्वे सांभाळत होते, त्यांच्या मेंदूतील काळजी-सावधानतेची केंद्रे आयांइतकीच तेज झालेली दिसली. तान्ह्याला न्हाऊमाखू घालणे, रात्री उठणे, रडण्याचा अर्थ लावणे या रोजच्या कामांनी मेंदू घडत होता. दुसरा निष्कर्ष १९९६चा. मुलाला जन्म दिलेल्या काही स्त्रियांच्या रक्तात त्या मुलाच्या पेशी बाळंतपणानंतर तब्बल २७ वर्षांनीही सापडल्या. म्हणजे नऊ महिने पोटात वाढवल्याची खूण शरीर सोडत नाही आणि रोज कुशीत घेतल्याचीही सोडत नाही. पोटचे आणि पोसलेले असा झगडा माणसांनी उभा केला आहे. शरीराकडे दोन्हींसाठी जागा आहे.

मुंबईने हे फार पूर्वी ओळखले होते. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका आईचे जास्तीचे दूध दुसरीच्या अशक्त बाळाला मिळू लागले. दूध देणारी कोण, घेणारी कोण, जात कुठली, धर्म कुठला, बाटलीला ठाऊक नसते. पुढे कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची, ‘कांगारू’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत आली. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर असे धरल्याने बालमृत्यूंत २५ टक्के घट दिसली. या अभ्यासात आई आजारी असली तर घरातील दुसऱ्या माणसाने बाळ धरायचे असे ठरले होते. छाती कुणाची, यापेक्षा छातीशी धरले की नाही, हे मोलाचे.

आता श्रद्धेकडे. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्यांचे म्हणणे साधे होते: तान्ह्या बाळाला धर्म कळत नाही, समजत्या वयात, स्वतःहून, कुणाच्या दडपणाशिवाय जो येतो तोच मंडळीचा. एवढ्यासाठी त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झ यांना १५२७ साली लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. मेनोनाइट, आमिश, हटराइट हे सगळे याच परंपरेतले. शस्त्र धरायचे नाही, शपथ घ्यायची नाही, आणि मंडळीतल्या कुणाचे घर जळले, कुणी आजारी पडले तर ते ओझे सर्वांनी उचलायचे. १५६९ साली हॉलंडमध्ये डर्क विलेम्स हा ॲनाबॅप्टिस्ट तुरुंगातून पळाला. पाठलाग करणारा गोठलेल्या पाण्यात बुडू लागला, तेव्हा मागे फिरून त्याने त्याला बाहेर काढले. मग स्वतः पकडला गेला आणि जाळला गेला. ऑक्सिटोसिनच्या कुंपणापलीकडे जाणारी ही माया आहे. २००६ साली पेनसिल्व्हेनियात एका बंदुकधाऱ्याने आमिश शाळेतल्या पाच मुलींचा जीव घेतला, त्यानंतर मृत मुलींच्या घरची माणसे त्याच्या अंत्यविधीला गेली आणि त्याच्या विधवेला त्यांनी आधार दिला. अशी गोष्ट एका दिवसात घडत नाही. पिढ्यान्पिढ्यांच्या सवयीने ती अंगवळणी पडते.

या परंपरेचा एक धागा पालघर जिल्ह्यात पोहोचलेला आहे. १७०८ साली जर्मनीतील श्वार्झेनाऊ गावी ॲनाबॅप्टिस्टांचा प्रभाव घेऊन ब्रेदरन पंथ उभा राहिला. त्यांच्या अमेरिकी मंडळीने विल्बर आणि मेरी स्टोव्हर व बर्था रायन यांना १८९४ साली भारतात धाडले. त्यांनी बुलसार, म्हणजे आजचे वलसाड, येथे काम सुरू केले. पाचसहा वर्षांतच मोठा दुष्काळ पडला आणि मिशनच्या दारात अनाथ मुलांची रीघ लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काम डहाणूपर्यंत आले. तिथले ब्रेदरन मिशन हॉस्पिटल याच वाटेने उभे राहिले. याच काळातील दुष्काळांत मेनोनाइट मिशनरी मध्य प्रांतातील धमतरीला अनाथालये चालवत होते आणि केडगावात पंडिता रमाबाई शेकडो मुलींना आसरा देत होत्या.

ब्रेदरन मंडळीत प्रीतिभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुण्याची रीत आहे. स्पर्शाच्या विटाळाने पोखरलेल्या समाजात एका माणसाने दुसऱ्याचे पाय हातात घेणे ही छोटी गोष्ट नव्हती. तरीही या इतिहासाला दुसरी बाजू आहे. दुष्काळात वाचलेले मूल जगले, पण त्याच्या बोलीपासून, देवांपासून, पाड्यापासून तुटले. ज्या पंथाचा पायाच स्वेच्छा, त्याच्या अनाथालयातील मोठे झालेले मूल बाप्तिस्मा घेताना खरोखर कितपत मोकळे होते? उपाशी लेकराला भाकरी देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, पण भाकरी देणाऱ्याला नाही म्हणणे कुणालाही अवघडच. शिवाय आमिशांतही मंडळीचे नियम मोडणाऱ्यावर बहिष्कार येतो; आईला लेकाशेजारी एका पानाला बसता येत नाही. निवडलेली नातीही कठोर होऊ शकतात.

वैद्यकीय नीतीत भारताने या प्रश्नाला सर्वांत थेट तोंड दिले ते परळच्या केईएम रुग्णालयात. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर रुग्णालयातल्याच सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्यानंतरची जवळपास ४२ वर्षे त्या तिथेच एका खोलीत होत्या. घरचे हळूहळू दुरावले, परिचारिका दुरावल्या नाहीत. त्यांना दुसरीकडे हलवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा परिचारिकांनी काम बंद करून तो हाणून पाडला. पत्रकार पिंकी विराणी यांनी, ज्यांनी अरुणांवर पुस्तक लिहिले होते, अरुणांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला: या यातना थांबवा, जबरीने अन्न देणे बंद करा. न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांच्या पाहणीत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण नव्हते.

७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क विराणींना नव्हे, केईएमच्या कर्मचाऱ्यांना, असे न्यायालयाने सांगितले. कारण रात्रंदिवस सांभाळ त्यांनी केला होता. त्या कर्मचाऱ्यांना अरुणा जगायला हव्या होत्या, म्हणून अर्ज फेटाळला गेला. पण त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट उघडली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या. या निकालाचे मोल अजून पुरते ओळखले गेलेले नाही. कुटुंब कोण, याचे उत्तर न्यायालयाने रक्तात शोधले नाही, कामात शोधले. प्रश्न मात्र उरतोच: सांभाळणाऱ्याची माया आणि सांभाळले जाणाऱ्याचे हित नेहमी एकच असते का? परिचारिकांनी अरुणांना सोडले नाही, ही त्यांची थोरवी. विराणींना त्या देहातील वेदना दिसत होती, हेही प्रेमच. २०१८ साली घटनापीठाने जिवंतपणीच लिहून ठेवलेल्या इच्छेला मान्यता दिली आणि २०२३ साली तिची पद्धत सोपी केली. त्यामुळे निदान पुढच्या माणसाला स्वतःच सांगता येईल की आपल्या वतीने कुणी बोलायचे. त्यात रक्ताच्या नातेवाइकाचेच नाव हवे, अशी सक्ती नाही.

अवयवदानाच्या १९९४च्या कायद्याने तर जिव्हाळ्याची थेट दखल घेतली. जवळचे नातेवाईक नसलेल्या माणसालाही आपुलकीपोटी किंवा जिव्हाळ्यापोटी अवयव देता येतो. मात्र त्यासाठी प्राधिकार समितीची मंजुरी लागते. हेतू चांगला आहे, गरिबांची मूत्रपिंडे विकली जाऊ नयेत. समितीपुढे मालक आणि ड्रायव्हर, घरधनीण आणि मोलकरीण येतात आणि समितीला ठरवावे लागते की हा जिव्हाळा खरा की विकतचा. जवळच्या नात्याला मात्र अशी चाळणी फारशी लागत नाही. तिथेच मोठी फसगत आहे. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संघटनेच्या आकडेवारीनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांत अवयव मिळालेले पुरुष २९,६९५ आणि स्त्रिया अवघ्या ६,९४५. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र स्त्रियांचीच बहुसंख्या. आई लेकाला देते, बायको नवऱ्याला देते, बहीण भावाला देते. हे प्रेम खोटे म्हणण्याची कुणाची छाती नाही, पण ज्या मायेची मागणी घरात एकाच बाजूने होते, ती स्वेच्छेची कशी मानायची? समजत्या वयात, दडपणाशिवाय ‘हो’ म्हणण्याची ॲनाबॅप्टिस्टांची अट पुरी होते का, हे प्रत्येक दात्या आईला एकांतात विचारायला हवे.

हाच पेच सरोगसीत. २०२१च्या कायद्याने व्यापारी सरोगसीवर बंदी आणली. दुसऱ्यासाठी गर्भ वाढवणारी स्त्री २५ ते ३५ वर्षांची, लग्न झालेली, स्वतःचे मूल असलेली हवी. तिला आयुष्यात एकदाच हे करता येते आणि वैद्यकीय खर्च व विम्यापलीकडे पैसे घेता येत नाहीत. पैसा गेला, पण दबाव गेला का? वहिनीने नणंदेसाठी, धाकट्या बहिणीने थोरलीसाठी नऊ महिने द्यावेत अशी घरातली अपेक्षा पैशाइतकीच आवळू शकते. आणि तिच्या शरीरात राहून गेलेल्या त्या पेशींचा विचार कायद्याने केलेला नाही.

दत्तकविधानाने मात्र वसईच्या माणसांचे बरेच काही बदलले. हिंदू दत्तक कायदा १९५६चा. ख्रिस्ती, मुस्लीम, पारशी जोडप्यांना तो लागू नव्हता. त्यांना १८९०च्या जुन्या कायद्याखाली फक्त पालक होता येई. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने नाते संपले. वारसाहक्क नाही, आईबापपण नाही. वसईच्या सामवेदी किंवा वाडवळ ख्रिस्ती घरात पोरके मूल वाढवले गेले तरी कागदावर ते परकेच. गेल्या शतकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयात एका ख्रिस्ती जोडप्याच्या अर्जावर न्या. फर्डिनो रिबेलो यांनी दत्तक घेण्याचा हक्क मान्य केला. पुढे बालन्याय कायद्याने आणि २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ही वाट सर्व धर्मीयांना मोकळी झाली. त्याच कायद्यात आणखी एक शहाणपण आहे: मूल सोपवणाऱ्या आईला निर्णय बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत. जन्मदातीच्या शरीराला वेळ लागतो, हे कायद्याला इथे उमगले आहे.

आणि एक धागा पालघरच्या पाड्यांवरचा, पण त्याची सुरुवात पेनसिल्व्हेनियात. आमिश आपसातच लग्ने करतात, त्यामुळे काही दुर्मिळ आनुवंशिक आजार त्यांच्यात जास्त. १९८९ साली डॉ. होम्स मॉर्टन यांनी पेनसिल्व्हेनियात त्यांच्यासाठी दवाखाना सुरू केला. त्याची लाकडी इमारत आमिश आणि मेनोनाइट शेतकऱ्यांनी स्वतः उभारली. कुणाशी लग्न करावे हे दवाखान्याने सांगितले नाही. बाळ जन्मताच तपासणी, लगेच आहार आणि औषध, आणि परवडेल असा खर्च, एवढेच केले. कित्येक मुले त्यामुळे अपंगत्वापासून वाचली.

पालघरच्या वारली, कोकणा, कातकरी समाजांत सिकलसेल हा असाच आनुवंशिक आजार आहे. महाराष्ट्रात त्यावर पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्यभर काम केले. आईबाप दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत तपासणीनंतर प्रत्येकाला कार्ड मिळते आणि लग्नाआधी कार्डे जुळवून पाहण्याचा सल्ला दिला जातो. शास्त्राच्या दृष्टीने सल्ला बरोबर आहे. पण कार्डावर ‘वाहक’ लिहिलेल्या मुलीची सोयरीक मोडते आणि मुलाची मोडत नाही, असे होऊ लागले तर आजार घटण्याआधी त्या मुलीचे नुकसान होईल. जव्हार-मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयांत प्रत्येक नवजात बाळाची टाचेच्या रक्ताने तपासणी व्हावी, या आजारावरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षभर मिळाव्यात, आणि कार्ड हाती देताना मुलीशी तिच्या बोलीत, घरच्यांना बाहेर ठेवून, कुणी अर्धा तास बोलावे. हे तिन्ही झाले तर तिला कुणाशी लग्न करायचे, हा निर्णय तिच्याकडेच राहील.